तेल, उटणं आणि हॉट टबचं पाणी

गेल्या नरक चतुर्दशीला पहाटे आमच्याकडे पाच मुलं होती. सगळ्यांना तेल-उटणं लावून अंघोळी घातल्या आणि मग मागच्या अंगणातल्या हॉट टबमध्ये सोडलं. मिनेसोटातली थंडी, पाण्यावर वाफा, मुलांचा गलका. चिपळूणला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर ती हरखून गेली.

तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मुलीच्या पोटावर लाल, खाजरं पुरळ उठलं होतं, तेसुद्धा बरोबर पोहण्याच्या कपड्याखाली. संध्याकाळपर्यंत आणखी एकाला तेच. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "हॉट टबमध्ये बसला होतात का?" स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचं काम. कोमट, नीट न राखलेल्या पाण्यात तो झपाट्याने वाढतो. पुरळ आठवडाभरात आपोआप गेलं, मैत्रीण एका शब्दानेही बोलली नाही. पण मुलांना त्या पाण्यात मी बसवलं होतं. मला ते अजून लागतं.

मी निष्काळजी नव्हते, हे मात्र सांगायलाच हवं. धाकटीला एक्झिमा आहे, क्लोरिनने तिची कातडी सोलवटते, म्हणून मी दुकानात जाऊन मुद्दाम बिनक्लोरिनचा उपाय विचारला होता. त्यांनी फिल्टरमध्ये ठेवायची चांदीची कांडी आणि 'नॉन-क्लोरिन शॉक' नावाची पावडर दिली. एवढं पुरे, केमिकल-फ्री, असं सांगितलं. चांदी म्हटल्यावर आपला विश्वास बसतोच, तांब्याच्या हंड्यातलं पाणी पिऊन वाढलेली माणसं आपण. चांदी जंतूंना मारते हे खोटं नाही, पण फार सावकाश मारते. पाच मुलं एकदम पाण्यात उतरली की तेवढा वेळ कुणाकडे असतो? आणि ती पावडर, म्हणजे पोटॅशियम मोनोपरसल्फेट, घाम, तेल, साबण यांचा फडशा पाडते, पण जंतू मारण्यासाठी तिच्या एकटीवर भिस्त ठेवता येत नाही. क्लोरिन नको म्हणजे जंतुनाशकच नको, असा अर्थ त्या 'केमिकल-फ्री' शब्दाने माझ्या डोक्यात भरवला. त्या शब्दाचा मला अजूनही राग येतो. आजारी मुलांच्या आया हाच शब्द शोधत दुकानात येतात, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

मला यातून बाहेर काढलं शेजारच्या आजोबांनी. शहराच्या पाणीपुरवठ्यात त्यांची हयात गेलेली. आले, बाही वर केली आणि पाण्याच्या रेषेवरून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. बुळबुळीत. म्हणाले, "हे आतल्या नळ्यांमध्येसुद्धा असणार." नळ्या साफ करायचं औषध घालून जेट चालू केले, तर तासाभरात तपकिरी पापुद्रे आणि चिकट फेस वर आला. मला मळमळलं. सगळं, म्हणजे 1300 लिटर पाणी, ओतून टाकलं. आजोबा दोन दिवस यायचे, आणि माझ्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाही.

आता आम्ही ब्रोमिनवर आहोत. नव्या पाण्यात सोडियम ब्रोमाइड टाकायचं, एवढ्या पाण्याला जेमतेम 50 ग्रॅम. ते नुसतं काही करत नाही. त्यावर तीच शॉकची पावडर टाकली की त्याचं जंतू मारणारं ब्रोमिन होतं. काम झालं की ते पुन्हा ब्रोमाइड होऊन पाण्यातच राहतं, पुढच्या पावडरीने परत जागं होतं. म्हणजे आधी वाया जात होती तीच पावडर आता कामाला लागली. गोळ्यांचं ब्रोमिनही मिळतं, पण त्या गोळ्यांत बहुतेकदा क्लोरिनही असतं, म्हणून मी या सोडियम ब्रोमाइडचा रस्ता धरला. ब्रोमिन हे क्लोरिनचंच भावंड, काहींना तेही सोसत नाही. धाकटीला आधी हात बुडवून, मग दहा मिनिटं, असं करत नेलं. तिला सोसलं. बिग्वानाइड नावाचं जंतुनाशक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची जोडीही असते, पण तिच्यासोबत क्लोरिन, ब्रोमिन किंवा ही पावडर चालत नाही.

आई म्हणते, "एवढी औषधं घालून बसायचं कशाला? तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडात कोण काय घालतं?" तिचं मला लागतं, कारण तिथल्या गंधकाच्या वासाच्या पाण्यात मी लहानपणी तासन्‌तास बसलेय. पण तिथे झऱ्याचं पाणी सतत नवं येतं, जुनं वाहून जातं. माझ्या टबात तेच पाणी तीन महिने फिरतं. आणि गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे क्लोरिनचीच ब्लिचिंग पावडर, टाकते तेव्हा आई समाधानाने म्हणते, "आता पाणी प्यायला हरकत नाही." मी तरी वेगळं काय करतेय?

रोज संध्याकाळी पाणी तपासायची पट्टी टबात बुडवते आणि बाटलीवरच्या रंगांशी जुळवते. ब्रोमिन 4 ते 8 पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग), पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, 7.2 ते 7.8, तापमान 40 अंशांच्या वर कधीच नाही. पट्टी फिकी निघाली तर झाकण लावते, मुलांनी कितीही विनवण्या केल्या तरी. टबात जायच्या आधी प्रत्येकाने साबणाने अंघोळ, हा इथल्या सार्वजनिक टबांवर लिहिलेला नियम मला पूर्वी अपमानासारखा वाटायचा. आता कारण कळतं. अंगावरचं तेल, लोशन हेच आधी ब्रोमिन खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरतच नाही. आणि तिळाचं तेल एका अंघोळीने सुटत नाही.

यंदा मुलं आदल्या संध्याकाळी टबात बसतील आणि पहाटे तेल-उटणं लावून न्हाणीघरात. मैत्रिणीला तसं कळवलं. मुलीचा पोहण्याचा पोशाख आणते म्हणाली.