इस्माईल यासीन सालवार: १९५७ पर्यंत

इजिप्तच्या जुन्या कृष्णधवल विनोदी चित्रपटांचा नाद असलेल्यांसाठी ही पुढची नोंद. विनोदी नट इस्माईल यासीनचे चित्रपट सालवार बघत १९५७ पर्यंत आलोय, आणि त्या वर्षीचा ‘इब्न हमीदू’ हा चित्रपट डोक्यातून जायलाच तयार नाही.

इस्माईल १९१२ साली सुएझमध्ये जन्मला आणि गायक व्हायला कैरोला आला. तिथे नाव झालं ते मोनोलोगमुळे, म्हणजे एकट्याने उभं राहून गात-बोलत सादर करायच्या विनोदी गाण्यांमुळे. कैरोतली नर्तकी बदिया मसाबनी हिच्या मंडळीत तो हेच करायचा. १९३९ साली पडद्यावर आला. त्यानंतरची १९४०च्या दशकातली कामं बरीचशी नायकाच्या मित्राची, ती मी भराभर उरकली.

खरी मजा १९५४ पासून. त्या वर्षी ‘अल-आनिसा हनफी’ आला. पुरुषाची बाई होते, अशी त्याची गोष्ट. दिग्दर्शक फतीन अब्देल वहाब. १९५५ मध्ये ‘इस्माईल यासीन लष्करात’, मग पोलिसात, मग नौदलात. नटाचं स्वतःचं नावच चित्रपटाचं नाव! त्याच्या त्या भल्यामोठ्या तोंडाबद्दल सगळेच बोलतात, पण मला तो सर्वात जास्त आवडतो गप्प असताना. समोर रियाद अल-कसबगीचा हवालदार अतिया खेकसतो, आणि हुकूम डोक्यात शिरायच्या आधीच याचा चेहरा घाबरलेला असतो. हशा कुठे येणार आणि तिथे किती थांबायचं, हे त्याला अचूक कळतं. मोनोलोगच्या रंगमंचावर झालेली ही तयारी आहे, असं माझं ठाम मत.

‘इब्न हमीदू’मध्ये तो आणि अहमद रमझी कोळ्यांच्या वेषातले गुप्त पोलीस. होडी पाण्यात सोडतात आणि ती तिथेच बुडते! पण चित्रपट खाऊन टाकतो तो अब्देल फत्ताह अल-कसरी. गरजून निर्णय द्यायचा, आणि बायकोने नुसतं डोळे वटारून पाहिलं की तोच निर्णय मुकाट मागे घ्यायचा. तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा लावला. कसरीला इतकी मोकळी जागा देणारा इस्माईल मला फार मोठा वाटतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी लष्कर बघावा, मग इब्न हमीदू. माझा पुढचा टप्पा १९५९ चा, हवाईदलातला. मग १९६०च्या दशकातला उतार: १९५४ मध्ये लेखक अबू अल-सऊद अल-इबियारीबरोबर काढलेली नाटक मंडळी १९६६ मध्ये बंद पडली, आणि १९७२ मध्ये तो गेला. त्या वर्षांतले जेवढे चित्रपट मिळतील तेवढे बघणार आहे. कुणाकडे चांगल्या प्रती असतील तर जरूर कळवा.