ऑगस्टचं पान

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ऑगस्टचं पान सगळ्यात गजबजलेलं. दुधाचे खाडे, श्रावणी सोमवार, सिलिंडर लावल्याची तारीख. या सगळ्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत एक रोमन सम्राट बसलाय, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

महिन्याचं मूळ नाव सेक्स्टिलिस, म्हणजे सहावा; जुनं रोमन वर्ष मार्चपासून मोजायचे. इसवी सनापूर्वी 8 मध्ये सिनेटने त्याला ऑगस्टसचं नाव दिलं. मुठीच्या उंचवट्यांवर दिवस मोजायला शिकवताना, जुलै-ऑगस्ट लागोपाठ 31चे कसे, तर ऑगस्टसने फेब्रुवारीचा एक दिवस पळवला, असं आम्हाला सांगितलेलं. उगाच आळ! तो दिवस ज्युलियस सीझरच्या पंचांगसुधारणेतच त्या महिन्याला मिळाला होता.

ऑगस्टस राहायचा मात्र काटकसरी आजोबांसारखा. सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय: चाळीसहून जास्त वर्षं, हिवाळा असो की उन्हाळा, झोपायची खोली तीच. कपडे घरच्या बायकांनी केलेले. जेवायला जाडाभरडा पाव, बारीक मासे, हिरवी अंजिरं. थंडीत एकावर एक चार अंगरखे. आणि जोड्यांचे तळ जरा जाड, उंच दिसावं म्हणून! राजा म्हणवून घेतलं नाही, नुसता 'प्रिन्सेप्स', पहिला नागरिक. सैन्य मात्र मुठीत. त्याच्या साधेपणालाही असाच एक जाड तळ असावा, असं मला वाटतं.

पुढच्या सम्राटांपैकी टायबेरियस शहाणा. महिना देऊ केला तर म्हणाला, तेरा सीझर झाले तर काय कराल? नीरोने एप्रिल घेतला, डोमिशियनने सप्टेंबर आणि ऑक्टोबर दोन्ही. ते गेले, नावंही गेली. कॉमोडसने तर बाराच्या बारा महिन्यांना स्वतःची नावं आणि बिरुदं चिकटवली. ऑगस्टचाही 'कॉमोडस' केला. सिंहाचं कातडं पांघरून हा हर्क्युलिस म्हणून मिरवायचा, आखाड्यात उतरायचा. 192 साली एका पहिलवानाने त्याचा गळा आवळला. तारीख, 31 डिसेंबर. पुढे जानेवारी पुन्हा जानेवारी झाला.

ऑगस्ट तेवढा टिकला. ऑगस्टस पहिल्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झाला तो याच महिन्याच्या 19 तारखेला, आणि इसवी सन 14 मध्ये नोला गावी वारला तोही 19लाच. आमच्या कॅलेंडरवर त्या चौकोनात आईच्या अक्षरात लिहिलंय: 'अर्धा लिटर जास्त'.