डीएफ एक सांगते, डीयू दुसरंच

मे महिना, रात्री

सर्व्हर सांभाळणं नोकरीवरच शिकणाऱ्याचा धीर हमखास सुटतो तो भरलेल्या डिस्कपाशी. लिनक्सवर डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड म्हणते ९८ टक्के भरली. फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या डीयूने ते मोजले तर निम्माही हिशेब लागत नाही. मग वाटतं, आपल्याला साधी बेरीजही कळत नाही, हे काम आपलं नव्हेच.

पण दोन्ही आकडे खरे असतात. डीयू नावानिशी सापडणाऱ्या फाइलींची बेरीज करते, तर डीएफ थेट फाइल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फाइलींची मांडणी ठेवणाऱ्या व्यवस्थेला, विचारते की किती ब्लॉक (डिस्कचे छोटे तुकडे) वापरात आहेत. फाइल डिलीट करणाऱ्या आरएम कमांडने जातं ते फाइलचं नाव. एखादा प्रोग्राम ती फाइल उघडून बसला असेल, तर जागा सुटत नाही. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन 'एलएसओएफ +एल१' (lsof +L1) चालवलं की तो प्रोग्राम पीआयडीसकट, म्हणजे त्याच्या क्रमांकासकट, दिसतो. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. म्हणून चालू लॉग, म्हणजे प्रोग्राम ज्यात नोंदी लिहीत असतो ती फाइल, उडवू नये, हवा तो भाग कॉपी करून 'ट्रंकेट -एस ०' ने रिकामा करावा.

जागा दिसते आणि तरी 'नो स्पेस लेफ्ट' येतं, तेव्हा 'डीएफ -आय' बघायचं. लाखो बारक्या सेशन फाइलींनी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, संपवलेले असतात. शिवाय ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, तीही बेरजेत गोंधळ घालते.

नागपुरात या दिवसांत आणखी एक शंका छळते. भर दुपारी मशीन आपोआप बंद पडलं की आपणच काल काहीतरी बदललं म्हणून, असं वाटतं. आधी सर्व्हरचे सेन्सर वाचणाऱ्या 'आयपीएमआयटूल एसडीआर' ने आत येणाऱ्या हवेचं तापमान बघावं. १८ ते २७ अंश ठीक. बाहेर पारा ४५ वर आणि खोलीतला एसी बंद, तर कॉन्फिगरेशनला दोष कशाला? मात्र तिथे कूलर लावू नये, त्याची दमट हवा यंत्रांना मानवत नाही.

विचारायची लाज वाटते, हे तर सगळ्यात जास्त नुकसान करतं. 'सर, सर्व्हर चालत नाहीये' यावर कुणीच काही सांगू शकत नाही. कोणती कमांड दिली, उत्तर काय आलं, शेवटचा बदल कोणता आणि कधी केला, एवढं लिहून नेलं तर सिनिअर लगेच कामाला लागतात. पुष्कळदा ते लिहितानाच चूक दिसते.