गच्चीवरचं निळं तळं : सहाव्या आठवड्याची नोंद

रविवारी सकाळी खालच्या टाकीच्या एका टोकाला काळी चकती लावली, दुसऱ्या टोकाला डोळा टेकवला आणि चकतीची कड रेखीव दिसली. टाकी चार फुटांची. पहिल्या आठवड्यात याच टाकीत वीतभर आतलं दिसत नव्हतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : मी बनवतो आहे ती न्यूझीलंडच्या रोटोमाइरेफेनुआ, म्हणजे ब्लू लेकची प्रतिकृती. दक्षिण बेटावर, नेल्सन लेक्स राष्ट्रीय उद्यानात हे तळं आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली आडवं पाहून मोजलं, तर 70 ते 80 मीटरपर्यंत दिसलं. नैसर्गिक गोड्या पाण्यात याहून नितळ तळं नोंदलेलं नाही. एरवी दोरीने सेकी चकती खाली सोडून पारदर्शकता मोजतात, पण हे तळं जेमतेम 7 मीटर खोल. चकती तळाला टेकली तरी दिसतच राहणार. म्हणून काळी चकती पाण्यात धरून आडवं अंतर मोजलं. माझ्या टाकीतल्या चकतीची कल्पना तिथूनच घेतली.

मला या तळ्यात सगळ्यात ओढ लावते ती त्याच्या वरची दरड. वर कॉन्स्टन्स नावाचं सरोवर आहे. डोंगरातून आलेला गाळ आधी तिथे खाली बसतो. मग पाणी कोसळलेल्या दरडीच्या दगडमातीतून आतल्या आत झिरपतं आणि खालच्या तळ्यात निघतं. खालचं तळं स्वतः काहीच गाळत नाही. त्याचं काम वरच झालेलं असतं.

माझ्याकडे कॉन्स्टन्सच्या जागी जुन्या कूलरचा टब आहे. दरड म्हणजे गिट्टी, त्यावर बारीक गिट्टी, मग कन्हान नदीची रेती. पाणी परत वर चढवायला कूलरचाच पंप.

अडकलो होतो काळ्या मातीवर. मुद्दाम शेतातली माती कालवली होती, कारण आपल्याकडच्या तलावांत पावसाळ्यात तीच उतरते. मुरमाचं पाणी एका रात्रीत निवळलं. काळ्या मातीचं चार दिवसांनीही चहासारखंच. तिचे कण इतके बारीक की पाण्यात तरंगतच राहतात. गल्लीतल्या एका मित्राने सांगितलं, "काकाजी, तुरटी फिरवा नं, कायले त्रास करून राहिले?" तुरटीने कण गोळा होऊन बसतात हे खरं, पण मग ते दरडीचं काम राहत नाही. तुरटी नाही वापरली.

चूक दुसरीकडेच होती. पाणी रेतीतून न जाता टबाच्या गुळगुळीत भिंतीलगत सरळ खाली पळत होतं. भिंतीला आतून सिमेंट थापून ती खरबरीत केली, रेतीचा थर दुप्पट केला, रेती पाणी नितळ येईपर्यंत अकरा वेळा धुतली आणि पंपाचा नळ इतका आवळला की धार जाऊन थेंब उरले. फरक पडला तो मुख्यतः या थेंबांनी. पाण्याला वेळ दिला की रेती धरते. ज्यांनी घाईने फिल्टर बांधलेत त्यांनी आधी वेग कमी करून पाहा.

निळा रंग मात्र दिसणार नाही. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश शोषतं, म्हणून निळं दिसतं. पण त्यासाठी काही मीटर पाणी लागतं. चार फुटांत ते जमणं नाही, आणि रंग टाकायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलंय.

तिथल्या ङाटी आपा या माओरी लोकांना हे तळं पवित्र. पूर्वी मृतांच्या अस्थी इथे धूत. आजही त्यात कोणी उतरू नये, हातही बुडवू नये, असं तिथे सांगितलं जातं. लिंडाविया नावाचं सूक्ष्म शेवाळ लोकांच्या ओल्या सामानातून तिथे पोचू नये, हीही काळजी आहे. हे वाचल्यापासून मी माझी सवय बदलली. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर पाण्यात घातलेली जाळी आणि बादली घरी आणून उन्हात पूर्ण कडक वाळवतो, मगच दुसऱ्या तलावावर नेतो. अंबाझरीला जलपर्णीने जे केलं ते डोळ्यांनी पाहिलंय. तिचा एक तुकडाही माझ्या बादलीतून गोरेवाड्याला जायला नको. भाचीलाही टाकीत बोट घालू देत नाही. तिने स्वतःच "हात लावू नये" अशी पाटी लिहून चिकटवली आहे.

टाकीवर हिरवी जाळी ताणली आहे, तरी काचेच्या उन्हाकडच्या बाजूला शेवाळाची बारीक झाक धरते आहे. पुढच्या आठवड्यात टाकी जिन्याच्या सावलीत हलवतो आणि काळ्या मातीचं पाणी पुन्हा पहिल्यापासून घालतो.