आमची वाटचाल: आधी पेट्रोल विचारतो, मग इंजिन उघडतो

मिशिगनमधल्या पाँटिॲक गावात आमचा भाड्याचा गाळा आहे. आत दोन गाड्या उभ्या केल्या की तिसरीला जागा उरत नाही. माणसं तीन. मी, माझी बायको (हिशेब, पार्टच्या ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांशी बोलणं तिच्याकडे) आणि उभा जन्म मशीन शॉपमध्ये काढलेले एक अमेरिकन गृहस्थ. त्यांना आम्ही दोघंही 'काका' म्हणतो, आणि त्याचा अर्थ विचारून घेतल्यापासून तेही त्या हाकेला ओ देतात. साठच्या दशकातल्या मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या वेगवान अमेरिकन गाड्या, आता व्हिंटेज (जुन्या गाड्यांच्या) रेसमध्ये धावतात, त्यांची इंजिनं आणि मागचे ॲक्सल आम्ही बांधतो. यंदा बारा वर्षं पूर्ण झाली, तेव्हा इथल्या मंडळातल्या मित्रांनी 'लिही एकदा' असा आग्रह धरला.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं, म्हणजे आमच्या दादांचं, ऑइल इंजिन आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. उसाची ट्रॉली ओढत चढाला लागलेला ट्रॅक्टर कोणी वरच्या गिअरमध्ये रेटताना दिसला, की दादा दुकानातूनच ओरडायचे, "अरे, खालचा गिअर टाक! इंजिन रडवू नकोस!" ते मी शेकडो वेळा ऐकलं. त्यातलं शास्त्र मात्र इथे आल्यावर, फार महागात कळलं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येते ती शेवरले कमॅरो झी-28. 1966 साली अमेरिकेत ट्रान्स-ॲम ही रेसची मालिका सुरू झाली. तिच्यात इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती. त्या मर्यादेत बसावं म्हणून शेवरलेने 302 घनइंचांचं इंजिन केलं: बोअर (सिलिंडरचा व्यास) चार इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) फक्त तीन इंच. कॅटलॉगात 290 अश्वशक्ती लिहिलेली असे, पण ती खरी नव्हे हे तेव्हाही सगळे जाणून होते. 1968 आणि 1969 अशी सलग दोन वर्षं मार्क डोनह्यूने पेन्स्के टीमच्या निळ्या कमॅरोतून शेवरलेला ही मालिका जिंकून दिली. या गाडीचं कॉम्प्रेशन (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते) कंपनीतूनच 11:1 यायचं, आणि रेससाठी ते आणखी वर नेत.

त्या काळी हे चालून जायचं, कारण पंपावरच्या भारी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. शिशाचं टेट्राएथिल लेड हे संयुग नॉकिंग (ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं) थांबवतं, हा शोध थॉमस मिजलीने 1921 मध्ये जनरल मोटर्ससाठीच लावला होता. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी अमेरिकेत ते 1996 पासून पूर्ण बंद झालं, भारतात 2000 मध्ये. बंद झालं ते योग्यच झालं, माझं याबद्दल दुमत नाही. पण इंजिनं मागे राहिली, आणि त्यांचं पेट्रोल गेलं.

इथल्या पंपावर प्रीमियमला 93 आकडा दिसतो. हा ऑक्टेनचा; तो जेवढा मोठा, तेवढं पेट्रोल नॉकिंगला जास्त टिकतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, आपल्याकडे तर 95 मिळतं! पण भारतातला आकडा एका पद्धतीचा आणि इथला दोन पद्धतींची सरासरी. इथलं 93 म्हणजे भारतातल्या हिशेबाने साधारण 98. तरीही लोखंडी हेडच्या (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण), 12 किंवा साडेबारा कॉम्प्रेशनच्या रेस इंजिनाला ते पुरत नाही.

कॉम्प्रेशनचा हा सगळा खेळ किती थोड्या जागेचा आहे, ते हेड टेबलावर घेतलं की कळतं. काका हेड उलटं ठेवतात, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवतात, कडेला ग्रीस लावून वर ॲक्रिलिकची चकती दाबतात. चकतीला एक बारीक भोक असतं. त्यातून ब्यूरेटने रंगीत पाणी सोडायचं, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. ब्यूरेट तीच, शाळेच्या प्रयोगशाळेतली. 302 च्या एका सिलिंडरचं घनमान सुमारे 618 सीसी. 11:1 हवं तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा 62 सीसीच्या आसपास पाहिजे, साडेबाराला 54. म्हणजे फरक आठ सीसीचा, दोन चमचेसुद्धा भरणार नाहीत. पण तेवढ्यासाठी पिस्टनच्या डोक्यावर उंच घुमट ठेवावा लागतो. मग ज्वाळेला त्या घुमटाला वळसा घालून पलीकडे जावं लागतं, टायमिंग आणखी ॲडव्हान्स करावं लागतं (म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडावी लागते), आणि नॉकिंगला आयतं निमंत्रण मिळतं.

हे सगळं माहीत असूनही आमच्या हातून ती चूक घडली. धंद्याचं तिसरं वर्ष होतं. एका गिऱ्हाइकाला 'जास्तीत जास्त' पाहिजे होतं. आम्ही साडेबारा कॉम्प्रेशन ठेवलं, 110 ऑक्टेनचं शिशाचं रेस फ्युएल धरून कार्बुरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) आणि टायमिंग लावलं. मागच्या ॲक्सलमध्ये 3.55 चा क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, दिला (हा आकडा जेवढा लहान, तेवढ्या त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी), कारण ट्रॅकची सरळ पट्टी लांब होती आणि आमची नजर फक्त त्या पट्टीवर होती.

शनिवारच्या सरावात त्याचे कॅन संपले. रविवारी सकाळी त्याने वाटेतल्या पंपावरून 93 भरलं. 'दुसरं काही चालणार नाही' असं आम्ही तोंडी एकदा म्हटलो असू, पण गाडीवर लिहिलं नव्हतं, कागदावर दिलं नव्हतं. दुपारी ऊन तापलं. एका वळणानंतर चढ होता. ते वळण तो तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 60 मैलांनी काढायचा. 3.55 मुळे तिथे इंजिन मिनिटाला 3,500 फेऱ्यांवर येऊन पडायचं, आणि मग पूर्ण थ्रॉटलवर चढ ओढत, कण्हत कण्हत वर सरकायचं. ज्या फेऱ्यांना सिलिंडर सगळ्यात चांगला भरतो, दाब सगळ्यात जास्त होतो, नेमक्या तिथून ते जेवढ्या सावकाश जाईल, तेवढा शेवटच्या न जळलेल्या मिश्रणाला आपोआप पेट घ्यायला वेळ मिळतो. उघड्या एक्झॉस्टच्या आवाजात नॉकिंग कोणाला ऐकू येणार?

सातव्या सिलिंडरचा प्लग काढला तेव्हा पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे कण होते आणि त्यांत चमकणारे चंदेरी ठिपके. ते ठिपके म्हणजे वितळलेला पिस्टन. आत पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधला भाग तुटून सिलिंडरच्या भिंतीला खोल ओरखडे पडले होते.

गिऱ्हाइकाने आमच्यावर बोट ठेवलं नाही, पण चूक आमची होती. इंजिन आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा बांधलं. घराच्या डाऊन पेमेंटसाठी बायकोने साठवलेले पैसे त्यात गेले. तिने चेक लिहिताना एवढंच विचारलं, "यातून काय बदलणार आहेस?" त्या रात्री दादांना फोन केला, सगळं सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, "चढाला गिअर कुठला होता?" पेट्रोलबद्दल त्यांनी नंतर विचारलं.

तेव्हापासून आमचा फॉर्म बदलला. पहिला प्रश्न: कुठलं पेट्रोल, कुठून आणणार, आणि ते संपलं तर काय भरणार? दुसरा: कुठले ट्रॅक, आणि सगळ्यात संथ वळण कितव्या गिअरमध्ये? ही दोन्ही उत्तरं हातात आल्याशिवाय पिस्टनची ऑर्डर जात नाही.

बहुतेकांना आम्ही आता साडेअकरापर्यंत थांबवतो आणि 100 ऑक्टेनचं बिनशिशाचं रेस फ्युएल सुचवतो. पिस्टन आणि हेडमधलं अंतर 40 थाऊ, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर ठेवलं, की मिश्रण नीट घुसळतं आणि बरीच काळजी मिटते. जी ताकद कमी होते ती बहुतेकांना जाणवतही नाही. 110 शिशाचं फ्युएल ज्यांना खरोखर लागतं, त्यांना ते देतो, पण हातमोजे घातल्याशिवाय गाळ्यात कोणी त्याला हात लावत नाही. ते कातडीतूनही अंगात शिरतं. आमच्या घरी लहान मूल आहे.

दोघे गिऱ्हाईक ई-85 वर, म्हणजे इथेनॉल आणि पेट्रोलच्या मिश्रणावर आहेत. इथेनॉल बाष्प होताना भरपूर उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारं मिश्रण गार राहतं आणि साडेबारा कॉम्प्रेशन सहज पचतं. पण नावात 85 असलं तरी पंपावर इथेनॉलचं प्रमाण ऋतूप्रमाणे 51 ते 83 टक्क्यांमध्ये बदलतं. म्हणून प्रत्येक कॅन तपासायचा: खुणांच्या नळीत थोडं पाणी, वर फ्युएल, हलवून ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं, पाण्याची पातळी जेवढी वाढली त्यावरून प्रमाण कळतं. शिवाय साध्या पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा जास्त लागतं, म्हणजे जेटही मोठे, टाकीही मोठी. आणि सीझन संपला की कार्बुरेटर रिकामा करून धुवायचा, नाहीतर मिशिगनच्या हिवाळ्यात ओल धरून ॲल्युमिनियम पांढरं पडतं.

गिअरिंगचं गणित सोपं आहे, 26 इंची टायर धरून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. 7,000 फेऱ्यांना टॉप गिअरमध्ये 3.55 वर ताशी 152 मैल, 3.73 वर 145, 4.10 वर 132, 4.56 वर 119. मन्सीच्या (त्या काळचा जनरल मोटर्सचा चार गिअरचा बॉक्स) जवळच्या रेशोच्या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्यातून चौथ्यात जाताना 7,000 चे 5,500 होतात, इंजिन जोमात राहतं. लांब रेशोच्या बॉक्समध्ये तेच 4,800 वर पडतं. त्या मोडलेल्या इंजिनाच्या गाडीला 4.56 असता, तर ते वळण 4,500 वर निघालं असतं. 4.10 सुद्धा चाललं असतं. आता आम्ही वेगाचा आकडा शेवटी बघतो.

सध्या गाळ्यात जी कमॅरो आहे, तिच्या मालकाला एकाच सीझनमध्ये वॉटरफर्ड हिल्स आणि रोड अमेरिका दोन्ही करायचेत. पहिला ट्रॅक जेमतेम दीड मैलाचा, दुसरा चार मैलांहून मोठा, त्यात शेवटच्या वळणानंतर चढ. एक गिअर दोन्हीकडे चालणार नाही. शेवरलेच्या बारा बोल्टच्या ॲक्सलमध्ये 3.73 चं 4.10 करायचं म्हटलं तरी क्राऊन ज्यावर बसतो तो आतला कॅरिअरसुद्धा बदलावा लागतो, ट्रॅकवर होण्यासारखं ते काम नाही. म्हणून त्याच्या रेसचे नियम पाहून, त्याची समजूत काढून, फोर्डचा नऊ इंची ॲक्सल बसवतोय. त्याचा पुढचा अख्खा गोळा क्राऊन-पिनियनसकट बाहेर येतो, दुसरा आत जातो. शेवरलेच्या पोटात फोर्ड म्हटल्यावर मालकाला दोन आठवडे झोप लागली नाही. काकांनाही आवडलेलं नाही.

आज सकाळी दात एकमेकांना कुठे टेकतात ते बघायला 4.57 च्या दातांना पिवळी पेस्ट लावून गोळा हाताने फिरवला. ठसा दाताच्या टोकाकडे सरकलेला दिसतोय. शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) काढून परत बसवायचंय. 3.70 चा दुसरा गोळा अजून खोक्यात आहे. बर्फ वितळायला आणखी पाच आठवडे तरी आहेत.