तिसऱ्या कॅपला क्रँक अडला

काटोलच्या एका निवृत्त गुरुजींची मारुती ८००. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, तरी काटा लालवर गेल्यावर लोक 'आलंच आता घर' म्हणत गाडी दामटतात. तेल पातळ होऊन मेन बेअरिंगने, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या आधाराने, आवाज धरला. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या चालीने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, ग्राइंडिंगहून घासून आला, ०.२५ मिमी कमी केलेला पहिला साइज बसला, बेअरिंगचे नवे शेल, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, आले.

क्रँक बसवताना पिस्टन, रॉड, सील काहीच लावायचं नाही. शेलला तेल, त्यावर नुसता क्रँक. शेल क्रँकवर धरून ठेवणारी एकेक कॅप टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराच्या पान्याने, आवळायची आणि प्रत्येक कॅपनंतर हाताने फिरवून पाहायचं. तो बोटांनी फिरलाच पाहिजे. सगळं बांधल्यावर जड लागला तर पिस्टनच्या रिंगा जड की क्रँक, हे कोणालाच सांगता येत नाही. तरीही अर्धे मिस्त्री ही पायरी गाळतात.

पहिली कॅप, दुसरी, क्रँक मोकळा. तिसरी अर्धी आवळेपर्यंत ठीक, पूर्ण टॉर्क दिला आणि जाम. बाकीच्या सैल करून एकटी तिसरी आवळली, तरी जाम. म्हणजे क्रँक वाकल्याचा किंवा ब्लॉकमधल्या बेअरिंगच्या जागांची लाइन गेल्याचा संशय मागे पडला. बिघाड त्याच एका जागेवर होता. कॅपचा नंबर बरोबर, बाण पुलीकडे, शेलच्या पाठीला कचरा नाही, शिक्का ०२५ चाच. मायक्रोमीटरने जर्नल, म्हणजे क्रँकचा शेलमध्ये फिरणारा गोल भाग, मोजलं, माप चोख.

शेजारचा म्हणाला, "ओढून चालू कर ना बे, पन्नास किलोमीटरमंदी मोकळी होते." या सल्ल्याने आपल्याकडे किती इंजिनं मेली असतील! जर्नल आणि शेलमध्ये तेलाला मिळते ती फट ०.०२ ते ०.०४ मिमीची. तीच नसेल तर मोकळं होतं ते शेलचं मऊ अस्तर सोलून निघाल्यामुळे.

मग तेल पुसून प्लास्टिगेजची पट्टी (फट मोजायची मऊ पट्टी, फट कमी तितकी जास्त चेपते) जर्नलच्या पूर्ण रुंदीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत ठेवली. क्रँक न हलवता कॅप आवळली, उघडली. मधोमध पट्टीची रुंदी बरोबर. दोन्ही टोकांना मात्र चेपून जवळजवळ पुसलेली. शेल उजेडात धरला, तर दोन्ही कडांना बारीक चकाकती रेघ. जर्नल जिथे वेबला, म्हणजे क्रँकच्या बाजूच्या पाकळीला, मिळतं तिथली गोलाई, फिलेट, जास्त मोठी राहिली होती आणि शेलची कड तिच्यावर चढत होती. कुठे घासतं ते दाखवणारं निळं लावून पाहिलं. डाग बरोबर तिथेच उठला.

शेलची कड ब्लेडने खरवडून टाक, असंही एकाने सुचवलं. हाताने खरवडलेली कड कधीच एकसारखी येत नाही. मी क्रँक घेऊन ग्राइंडिंगवाल्याकडे गेलो.

तो आधी चिडला. "माप बरोबर आहे ना भाऊ?" होतंच. कोपरा धारदार ठेवला तर क्रँक तिथूनच तुटतो, हेही त्याचं खरं. माणूस कामाचा पक्का आहे. पण ग्राइंडिंगचं चाक दिवसभर नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रकांच्या क्रँकवर चाललेलं, त्याची कड झिजून गोल होत गेलेली, आणि आमचं तिसरं जर्नल त्याने सगळ्यात शेवटी घेतलेलं. गोलाई मोजायचं रेडियस गेज लावल्यावर तो गप्प झाला. चाकाची कड डायमंडने ड्रेस करून, म्हणजे घासून सरळ करून, कोपरा नीट केला, एक पैसा घेतला नाही. परत बसवला तेव्हा चारही कॅप पूर्ण टॉर्कवर आणि क्रँक दोन बोटांनी फिरत होता.

मायक्रोमीटर जर्नलच्या मधल्या भागावर बसतो, कोपरा त्याला दिसतच नाही, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. प्रत्येक माप खरं आणि तरी क्रँक जाम. त्या दिवशी त्याच चाकावरून आणखी क्रँक गेले होते. माझ्या आग्रहाने त्याने त्या मिस्त्रींना फोन लावले. एकाने इंजिन पुन्हा उघडायचं कबूल केलं. दुसरा म्हणाला, गाडी डिलिव्हर झाली, मस्त चालून राहिली, आणि फोन ठेवून दिला.