फेझंट यादीत धरायचा का?

ऑक्टोबर, नॉरफोक, इंग्लंड

आज शेतकडेच्या पायवाटेवर फेझंटच फेझंट, म्हणजे कोंबडीच्या कुळातले लांब शेपटीचे पक्षी. प्रश्न असा, की मी पाहिलेल्या रानपक्ष्यांच्या यादीत हे धरायचे का? मक्याच्या अरुंद पट्ट्यातून एकामागून एक बाहेर येतात आणि माणूस दिसला तरी उडायचं सोडून वाटेनंच पुढे पळत सुटतात. टोकाला निळ्या पिंपांचे फीडर, खाली गहू सांडलेला. एका नराची शेपटी अजून अर्धीच वाढलेली. शिकारीसाठी, उन्हाळ्यात, सहा-सात आठवड्यांची पिल्लं असताना यांना जाळीच्या आवारात आणतात, मग हळूहळू मोकळं सोडतात. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी शिकारीचा हंगाम.

आपल्याकडे माळावर तितर ओरडला की तो कुणी सोडलाय का, असा प्रश्नच पडत नाही. इथे पडतो. ब्रिटनच्या पक्ष्यांची अधिकृत यादी ठेवणाऱ्या ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियननं फेझंट ‘सी’ गटात ठेवलाय, म्हणजे माणसानं आणलेला पण आता स्वतःच्या बळावर टिकलेला. नियमानं तो यादीत बसतो. पण हे बळ तपासायचं कधी? २०१६ च्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये वर्षभरात सुमारे ४.७ कोटी फेझंट सोडले गेले, शिवाय कोटीभर लाल पायांचे पार्ट्रिज, म्हणजे तितरासारखे पक्षी. लेडी अ‍ॅम्हर्स्ट फेझंट ही वेगळी जातही याच गटातली. बेडफर्डशरच्या रानात तो पिढ्यान्‌पिढ्या वाढला, लोक मुद्दाम पाहायला जात. तो ब्रिटनमधून संपला.

म्हणून स्वतःच्या यादीत मी फेझंट तेव्हाच धरते, जेव्हा आवारापासून लांब पिल्लं घेऊन फिरणारी मादी दिसते. चेकलिस्टमध्ये, म्हणजे त्या-त्या फेरीच्या नोंदीत, मात्र दिसलेला प्रत्येक पक्षी, आकड्यानिशी. ‘सोडलेलेच तर आहेत’ म्हणून गाळणं मला अजिबात पटत नाही. ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या सगळ्या रानपक्ष्यांच्या एकूण वजनात जवळपास निम्मा वाटा फेझंट आणि लाल पायांचा पार्ट्रिज या दोन जातींचा असतो. एवढी तोंडं किडे आणि कोवळी रोपं खातात, कोल्ह्यांना आयतं भक्ष्य होतात, आणि आपल्या नोंदीत शून्य? याच बांधांवरचा मूळचा करडा पार्ट्रिज १९६७ पासून नव्वद टक्क्यांहून जास्त घटलाय. मुख्य कारण शेतीतली औषधं, पण लाल पायांच्या पार्ट्रिजची शिकार करताना तोही गोळीला बळी पडतो. त्याच्या शेजारी कोण, किती वावरतंय, हे लिहिलेलं असायलाच हवं.

सोबतची मैत्रीण म्हणाली, नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटेल फेझंटचं छान चाललंय. बरोबर आहे तिचं. म्हणून शेरा टाकला: ‘फीडरजवळ, बहुधा यंदाच सोडलेले’. एप्रिलमध्ये याच वाटेवर पुन्हा मोजायचे, हंगाम आणि हिवाळा काढून किती उरले ते.